आजीचे आयुष्य लिहायचे, पण तारखा नाहीत

प्रश्न : माझी आजी गेल्या मार्गशीर्षात वारली. आजोबा १९७० च्या सुमारास गेल्यानंतर तिने यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी कोरडवाहू शेतीवर चार मुले वाढवली. वर्षश्राद्धाला तिच्या आयुष्यावर छोटी पुस्तिका काढावी, असे आम्हा नातवंडांना वाटते. मात्र तिची खरी जन्मतारीख कोणाला ठाऊक नाही, आधार कार्डावर १ जानेवारी लिहिली आहे, आणि ज्यांना विचारावे ते ‘फार सोशिक बाई होती’ एवढेच सांगतात. भाऊबंदांशी झालेला जमिनीचा वाद पुस्तिकेत नको, असे काकांचे म्हणणे आहे. काय करावे?

उत्तर : तुमच्या आजीला आमचा नमस्कार. तारखेची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. विदर्भात गावचा कोतवाल जन्ममृत्यूची जी नोंद ठेवत असे, ती कोतवाल पंजी अनेक तहसील कार्यालयांच्या अभिलेख कक्षात आजही पाहायला मिळते. तीत मुलीचे नाव बहुधा सापडणार नाही. वडिलांचे नाव आणि पुढे ‘मुलगी’ एवढेच असते. म्हणून नावाने नव्हे, आजीच्या वडिलांच्या नावाने शोधा. आणि बाळंतपणे माहेरी होत असल्यामुळे तिच्या आईच्या माहेरच्या गावाची पंजीही पाहा. आजी शाळेत गेली नसली तरी तिचा पाठचा भाऊ गेला असेल, तर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील त्याच्या जन्मतारखेवरून तिचे वय अंदाजता येते. जुन्या कागदांवर ‘मध्यप्रदेश’ असे छापलेले दिसले तर गोंधळू नका, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला भाग त्याच राज्यात होता.

कागद संपतात तिथे माणसांना विचारावे, पण ‘कोणत्या साली’ असे विचारून उपयोग होत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज गेले (११ ऑक्टोबर १९६८) तेव्हा धाकटा मुलगा चालत होता का, बहात्तरच्या दुष्काळात घरात लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) येत होती तेव्हा ती कोणत्या कामावर जात होती, असे विचारले की आठवणी आपोआप रांगेत येतात.

‘सोशिक’ हे उत्तर तुम्हाला बहुतेक मुलांकडून आणि जावयांकडून मिळाले असेल. त्यांनी तिला घरात पाहिले. तिच्या सोबतीने ज्या बायका निंदणाला आणि वेचणीला गेल्या, त्यांच्याकडे जा. ती कापसाची पात किती झपाट्याने उरकत असे, मजुरीवरून कोणाशी भांडली, मुगवड्या घालताना कोणती ओवी म्हणत असे, हे त्याच सांगू शकतील. त्यांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि कागदावर उतरवताना त्यांची वऱ्हाडी तशीच ठेवा. ‘कायले रडतं, पोरी?’ या वाक्यात तुमची आजी जितकी आहे, तितकी शुद्ध केलेल्या वाक्यात उरणार नाही.

काकांचा संकोच समजण्यासारखा आहे, तरीही हा वाद गाळू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला मुलांच्या बरोबरीने वारस मानले, परंतु फेरफारावर (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीवर) नाव चढवून घेणे, तलाठ्याकडे खेटे घालणे आणि शेत पडीक पडू न देणे, हे तिचे तिलाच निभवावे लागले असणार. ते वगळले तर तिने चार मुले कशाच्या बळावर वाढवली, हे वाचणाऱ्याला कळणारच नाही. भाऊबंदांची नावे मात्र छापू नका आणि दोषही देऊ नका. त्यांची नातवंडे आज तुमच्या शेजारी राहतात. फेरफाराची तारीख, शेताचे नाव आणि तिने काय केले, एवढे पुरे. मजकूर छापण्यापूर्वी काकांना वाचून दाखवा.

कामाला लगेच लागा. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली की गावातल्या बायका दिवसभर शेतात असतात, तेव्हा मुलाखती पोळ्याच्या आतच उरका, आणि सुरुवात सर्वांत वृद्ध मैत्रिणीपासून करा.