आधी ठाय

इंदूर, रामबाग

प्रिय पोरी,

तुमच्या बँडचं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. जोर आहे. पण दुसऱ्या गाण्याच्या शेवटी तू ड्रमवर पुढे पळतेस, बेस मागे राहतो, आणि ती फट तुम्ही गोंगाटानं बुजवलीय. रागावू नकोस. जन्मभर तबला शिकवलाय, कान तिथंच जातो.

तू म्हणालीस, पंकसारख्या धडाकेबाज रॉकला कशाला हवा रियाझ? मग 'बॅड ब्रेन्स' ह्या अमेरिकन पंक बँडचा पहिला अल्बम नीट ऐक. १९८२ साली तो फक्त कॅसेटवर निघाला. पिवळं कव्हर, वॉशिंग्टनच्या संसदेच्या घुमटावर कोसळणारी वीज. त्याच शहरातली ही चार कृष्णवर्णीय पोरं आधी 'माइंड पॉवर' नावानं जॅझ-फ्यूजन वाजवायची. म्हणजे अवघड लयी, ठरलेल्या जागा, सगळं हातात मुरलेलं. त्यानंतर ती पंककडे वळली. एक गाणं तर दीड मिनिटाच्या आत संपतं आणि तेवढ्या घाईतही अर्ल हडसनचा ड्रम विस्कटत नाही. मध्येच जमैकाचा रेगे येतो, संथ, झुलता. मला ती रेगेची गाणी फार मोलाची वाटतात. दोन ठोक्यांमधली रिकामी जागा ज्याला धरून ठेवता येते, त्याचाच वेग ऐकावासा वाटतो.

आपल्या इंदूरला हे नवं नाही. आपले ख्यालगायक अमीर खाँसाहेब अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, झुमरा तालात गायचे. एका मात्रेवरून दुसरीवर जाताना ठेका धरणाऱ्याचा कस लागायचा.

तेव्हा मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं अॅप, मिनिटाला ६० ठोक्यांवर लाव. तोच तुकडा ठायीत, म्हणजे मूळ संथ लयीत वाजव, मग दुगुन म्हणजे दुप्पट, मग चौगुन म्हणजे चौपट. मनगटाकडे लक्ष ठेव. कोपर उडायला लागलं की थांब आणि परत ठायीत ये. आठवडाभर एवढंच.

स्टुडिओच्या पैशांसाठी मात्र अडून राहू नका. बॅड ब्रेन्सचा तो अल्बमही न्यूयॉर्कच्या '१७१-ए' नावाच्या साध्याशा जागेत रेकॉर्ड झाला. आवाज खरबरीत आहे, शब्द निम्मे कळत नाहीत, तरी चारही जण एका श्वासात वाजवतात. पुढे हिपहॉपमध्ये गाजलेले बीस्टी बॉइज सुरुवातीला हार्डकोर, म्हणजे आणखी वेगवान पंक, वाजवायचे, तेही ह्या बँडचे भक्त.

रविवारी सकाळी ये. बेसवाल्यालाही आण. त्याला अँप आणायला सांगू नकोस, तासभर नुसती टाळी द्यायला लावणार आहे.

तुझा,
काका