संशोधनातला ‘सिग्निफिकंट’: लक्षणीय, महत्त्वपूर्ण की सार्थ?

प्रश्न असा आहे: बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा सारांश मराठीत द्यायचा आहे. डायलिसिसच्या रुग्णांना फिस्टुलात (डायलिसिससाठी हातात शस्त्रक्रियेने जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीत) सुई टोचण्याआधी बर्फ लावला तर वेदना कमी होते का, हा विषय. पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी आले. मार्गदर्शक ‘लक्षणीय फरक’ लिहायला सांगतात, मैत्रीण ‘महत्त्वपूर्ण’ म्हणते, एका जुन्या प्रबंधात ‘सार्थक’ आहे. बरोबर काय?

माझे मत ‘सांख्यिकीदृष्ट्या सार्थ’ला. उरलेले शब्द मराठी म्हणून चांगलेच आहेत, पण या जागी ते वाचकाची दिशाभूल करतात.

‘पावसाच्या प्रमाणात लक्षणीय वाढ’ असे वर्तमानपत्रात वाचले की आपण मोठी, डोळ्यांत भरणारी वाढ समजतो. टी-चाचणी (सरासऱ्यांतला फरक तपासणारी चाचणी) मात्र फरक मोठा आहे की लहान हे सांगतच नाही. मुळात काही फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, एवढेच पी-मूल्य सांगते. ‘सिग्निफिकंट’ हा इंग्रजी शब्द संख्याशास्त्रात रुळला तो १८८५ साली एजवर्थ आणि १९२५ नंतर फिशर या संख्याशास्त्रज्ञांच्या लेखनातून. तेव्हा त्याचा रोख ‘काहीतरी सुचवणारा’ याकडे होता, ‘थोर’ याकडे नव्हे. ओवीखाली अर्थ दिलेल्या ज्ञानेश्वरीला आपण सार्थ म्हणतो, त्यात हीच छटा आहे: नुसता आवाज नाही, मागे अर्थ आहे.

आकड्यांवरून पाहा. पुढचे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. वेदना ० ते १० च्या मोजपट्टीवर, प्रत्येक रुग्णाची दोनदा मोजणी, एकदा बर्फाशिवाय आणि एकदा बर्फ लावून. दोन नोंदींतल्या फरकाचे प्रमाण विचलन (तो रुग्णागणिक किती कमी-जास्त होतो याचे माप) २ धरू.

रुग्ण ४०० असतील आणि वेदना सरासरी ०.४ ने उतरली, तर प्रमाण त्रुटी (सरासरी योगायोगाने किती हलू शकते याचे माप) २ भागिले ४०० चे वर्गमूळ २०, म्हणजे ०.१. टी, म्हणजे उतार भागिले त्रुटी, येतो ४, पी ०.००१ च्या बराच खाली. ‘लक्षणीय घट’ असे छापून आले, तर वॉर्डातली सिस्टर उद्यापासून बर्फ मागवेल. पण दहापैकी अर्ध्या अंकाचाही उतार नाही. दीर्घकालीन वेदनेच्या अभ्यासांत साधारण २ अंक किंवा ३० टक्के उतार झाला तर रुग्णाला खरा फरक पडला, असे धरतात. सुईच्या क्षणिक वेदनेला तोच निकष जसाच्या तसा लागणार नाही, तरी ०.४ म्हणजे किती, याचा अंदाज येतो.

आता रुग्ण फक्त १६, उतार पूर्ण १ अंकाचा. प्रमाण त्रुटी ०.५, टी २.० आणि १५ स्वातंत्र्यमात्रांना (इथे रुग्णसंख्या उणे एक) ०.०५ खाली उतरायला लागतो २.१३. म्हणजे सार्थ नाही. ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक ज्या टप्प्यात असावा असा अंदाज, साधारण उणे ०.१ ते २.१. इथे विद्यार्थी हमखास लिहितात, ‘बर्फाचा उपयोग होत नाही.’ आकडे तसे म्हणत नाहीत. उपयोग शून्यही असेल, दोन अंकांचाही असेल. १६ रुग्णांत त्याचा निवाडा झाला नाही, इतकेच.

म्हणून सारांशातले वाक्य असे असावे: ‘बर्फ लावल्यावर वेदना सरासरी १ अंकाने कमी नोंदली गेली (९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल −०.१ ते २.१), हा फरक सांख्यिकीदृष्ट्या सार्थ नव्हता.’ आकडा आधी, शेरा नंतर. ‘महत्त्वपूर्ण’ हा शब्द चर्चेच्या प्रकरणासाठी राखून ठेवा. रुग्णाच्या दृष्टीने फरक मोलाचा आहे का, हे तिथे तुम्ही स्वतः ठरवायचे असते, एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरने नव्हे.

एसपीएसएसवरून आठवले: त्याच्या जुन्या आवृत्त्यांच्या तक्त्यात पी .००० दिसतो, तो तसाच उतरवू नका. तो शून्य नाही, तीन दशांशांत मावलेला नाही, ‘०.००१ पेक्षा कमी’ असे लिहा.

‘सार्थ’ शब्दाचा सगळ्यात जास्त गैरवापर शेवटच्या तक्त्यात होतो. वय, लिंग, शिक्षण, धर्म, कुटुंबाचा प्रकार, उत्पन्न अशा दहा बाबींशी काय-वर्ग चाचणी (दोन गटवारींत संबंध आहे का हे पाहणारी) लावायची आणि एखादीत ०.०५ खाली उतरले की ‘सार्थ संबंध आढळला’ म्हणायचे, ही आपल्याकडची जुनी वहिवाट. कशाचाच कशाशी संबंध नसला, तरी दहा स्वतंत्र चाचण्यांत किमान एक अशी ‘सार्थ’ निघण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. शिवाय नमुना ३० चा असला की बऱ्याच चौकटींत अपेक्षित संख्या (संबंध नसता तर तिथे येणारी) ५ च्या खाली जाते आणि काय-वर्गाचे उत्तर भरवशाचे राहत नाही. तिथे फिशरची एक्झॅक्ट चाचणी वापरतात. संबंध निघालाच, तर ‘कुटुंबाच्या प्रकारामुळे’ असे लिहू नका. ‘-मुळे’ हा प्रत्यय कारण सांगतो, काय-वर्ग कारण सांगत नाही.

राहिला ‘सार्थक’. मराठीत तो मुख्यतः नाम म्हणून वावरतो: जन्माचे सार्थक झाले, कष्टांचे सार्थक झाले. ‘सार्थक फरक’ हा प्रयोग हिंदीच्या वळणाचा वाटतो. चूक म्हणून कोणी गुण कापू नयेत, पण ‘सार्थ फरक’ आणि ‘सार्थता पातळी ०.०५’ कानाला जास्त मराठी लागतात. विद्यापीठाने एखादा शब्द ठरवून दिला असेल तर तोच घ्या आणि पहिल्या वापरात त्याचा अर्थ एका ओळीत सांगा.