रोलप्लेइंग गेमची नवी एडिशन कधी येणार, हे आधी ओळखता येतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: ग्रुप नवं कॅम्पेन (अनेक बैठका चालणारी सलग गोष्ट) सुरू करतोय, तर चालू एडिशनची, म्हणजे नियमांच्या सध्याच्या आवृत्तीची, मुख्य पुस्तकं आत्ताच घ्यावीत की नवी एडिशन येईल म्हणून थांबावं, आणि ती येण्याचा अंदाज बांधायचा कसा?

नेमकी तारीख कोणालाच सांगता येत नाही. मात्र ‘पुढच्या सहा-आठ महिन्यांत येत नाही’ एवढं बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं, आणि खरेदीचा निर्णय घ्यायला तेवढं पुरतं.

बहुतेक जण आधी सरासरी काढायला बसतात. डंजन्स अँड ड्रॅगन्सचं (डी अँड डी) बघा. ‘ॲडव्हान्स्ड’ नावाने निघालेली दुसरी एडिशन १९८९ ची, तिसरी २०००, साडेतीन (३.५) २००३, चौथी २००८, पाचवी २०१४ आणि तिची सुधारित पुस्तकं २०२४ पासून. अंतरं ११, ३, ५, ६ आणि १० वर्षं. सरासरी ७ निघते, आणि बरोबर ७ वर्षांनी एडिशन एकदाही आलेली नाही. गर्प्स या दुसऱ्या गेमची चौथी एडिशन तर २००४ ची आहे, पाचवीचा पत्ता नाही. त्यामुळे ‘आता वेळ झालीच आहे’ या वाक्याला काही अर्थ नाही.

खरा भरवसा ठेवावा तो जाहीर प्लेटेस्टवर. मोठा प्रकाशक नियम मुळापासून बदलणार असेल तर हल्ली तो आधी मसुदा लोकांना खेळायला देतो आणि सर्व्हे भरून घेतो. पाथफाइंडर या गेमच्या दुसऱ्या एडिशनची घोषणा मार्च २०१८ ला झाली, प्लेटेस्टचं पुस्तक ऑगस्टमध्ये आलं, प्रतिक्रिया डिसेंबरअखेर बंद झाल्या आणि १ ऑगस्ट २०१९ ला पुस्तक दुकानात होतं. म्हणजे प्रतिक्रिया बंद झाल्यापासून ७ महिने. डी अँड डीच्या पाचव्या एडिशनचा मसुदा मे २०१२ पासून लोकांकडे होता, शेवटचं पॅकेट २०१३ च्या शरदात आलं आणि प्लेयर्स हँडबुक हे मुख्य पुस्तक ऑगस्ट २०१४ मध्ये. २०२४ च्या हँडबुकचं शेवटचं प्लेटेस्ट पॅकेट नोव्हेंबर २०२३ चं, पुस्तक सप्टेंबर २०२४ चं. दोन्ही वेळा साधारण १० महिने.

हे अंतर फारसं हलत नाही, कारण ते काम करणाऱ्यांच्या मर्जीवर नसतं. सर्व्हे मिटल्यावर अंतिम मजकूर, संपादन, पानांची मांडणी, सूची, मग छापखाना आणि शेवटी जहाजाने गोदामापर्यंतचा प्रवास. फाइल छापखान्यात गेली की नियम गोठले. म्हणून हिशेब असा धरा: प्रतिक्रिया बंद होण्याच्या तारखेत ७ ते १० महिने मिळवा. लोक इथे हमखास चुकतात ते प्लेटेस्ट सुरू झाल्याच्या दिवसापासून मोजतात. पाथफाइंडरची प्लेटेस्ट ५ महिन्यांत आटोपली, डी अँड डीची वर्षभराहून जास्त चालली. सुरुवातीच्या तारखेवरून काहीच कळत नाही.

प्लेटेस्ट जाहीर नसली तरी घोषणा होतेच. डी अँड डीच्या तिसऱ्या एडिशनची ऑगस्ट १९९९ मध्ये, गेन कॉन या गेमिंग संमेलनात झाली आणि पुस्तक बरोबर वर्षाने आलं. चौथीची ऑगस्ट २००७ मध्ये झाली, पुस्तकं जून २००८ मध्ये आली. सगळं काम बंद दाराआड झालं तरी १० महिने हातात होते.

अपवाद अर्ध्या एडिशनचा, म्हणजे तेच नियम थोडे सुधारून पुन्हा काढण्याचा. जानेवारी २०२३ मध्ये डी अँड डीचे नियम इतर प्रकाशकांना, पाथफाइंडरलाही, वापरू देणाऱ्या ओपन गेम लायसन्सवरून वाद पेटला, एप्रिलमध्ये पाथफाइंडर रीमास्टरची घोषणा झाली आणि नोव्हेंबरमध्ये पहिली पुस्तकं बाहेर. प्लेटेस्ट नाही, काही नाही. पण अशा बदलात जुनी पुस्तकं वाया जात नाहीत, जुनी साहसं थोड्या डागडुजीने चालतात. त्यामुळे हा धक्का अनपेक्षित असला तरी खिशाला फार लागत नाही.

घोषणेच्याही आधी काही कळतं का? कळतं, पण त्यासाठी पुस्तकं किती निघतात यापेक्षा कोणत्या प्रकारची निघतात ते बघावं लागतं. एडिशनच्या उतारवयात प्रकाशक पुढचे नियम ‘पर्यायी’ म्हणून छापून बघतो. २०१५ च्या पाथफाइंडर अनचेन्डमध्ये प्रत्येक पाळीला तीन ॲक्शन देणारा पर्यायी नियम होता, चार वर्षांनी दुसऱ्या एडिशनचा कणाच तो झाला. डी अँड डीच्याच प्रकाशकाच्या २००७ च्या स्टार वॉर्स सागा एडिशनमध्ये सेव्हिंग थ्रोच्या (बचावासाठी टाकायच्या फाशाच्या) जागी स्थिर डिफेन्स आले आणि फासा फक्त हल्ला करणाऱ्याने टाकायचा असं ठरलं, वर्षभरात चौथ्या डी अँड डीत तेच दिसलं. २०२० च्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या डी अँड डीच्या पुस्तकाने पात्राच्या वंशाला चिकटलेले ॲबिलिटी स्कोअरचे (ताकद, चपळाई वगैरेंच्या आकड्यांचे) बोनस हवे तिथे हलवायची मुभा दिली, २०२४ मध्ये ते वंशाकडून काढून बॅकग्राउंडला (पात्राच्या पूर्वायुष्याला) जोडले गेले. पर्यायी नियम मूळ नियमाची जागा घेतोय असं वाटलं की ते पुस्तक लक्षात ठेवा. तिथून एक ते चार वर्षं धरायची. पट्टा मोठा आहे, कबूल.

यामागचं गणित साधं आहे. मुख्य नियमपुस्तक टेबलावरचा जवळजवळ प्रत्येक जण घेतो. पाचवं पुरवणी-पुस्तक डीएम (खेळ चालवणारा) घेतो, किंवा तो विशिष्ट क्लास (पात्राचा पेशा) खेळणारा एखादा. पुरवण्या जितक्या भराभर निघतात तितके विषय लवकर संपतात आणि पुन्हा मुख्य पुस्तक विकायची गरज लवकर येते. साडेतीन आणि चौथी एडिशन पुरवण्यांच्या माऱ्याखाली पाच-सहा वर्षांत आटोपल्या, पाचवीने वर्षाला मोजकीच पुस्तकं काढून दहा वर्षं काढली.

गेमचे हक्क दुसऱ्याच्या मालकीचे असतील आणि प्रकाशक परवान्यावर पुस्तकं काढत असेल तर हे गणित बाजूला ठेवा. वॉरहॅमर फँटसी रोलप्लेची दुसरी एडिशन २००५ ची, तिसरी २००९ ची, कारण मधल्या काळात गेम फँटसी फ्लाइट या प्रकाशकाकडे गेला. चौथी २०१८ मध्ये क्युबिकल सेव्हनने काढली. तिथे पुस्तकं बघायचीच नाहीत, परवाना कोणाकडे आहे ते बघायचं.

‘सध्या नव्या एडिशनचा विचार नाही’ या अधिकृत उत्तराला शून्य वजन द्या. खोटं म्हणून नाही. होय म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून गोदामातला साठा पडून राहतो, त्यामुळे घोषणेच्या आदल्या दिवशीही उत्तर तेच असणार. वर्धापनदिनाचंही तसंच: डी अँड डीचं पन्नासावं वर्ष २०२४ ला जुळलं, शॅडोरन या गेमची सहावी एडिशन तिसाव्या वर्षी, २०१९ ला आली, पण किती वर्धापनदिन नुसत्या सोनेरी मुखपृष्ठावर भागतात! एखादी पुरवणी स्टॉकमध्ये नाही हेही लक्षण नव्हे. मुख्य पुस्तकच महिनोन्‌महिने नाही आणि पुढच्या छपाईची तारीखही दिलेली नाही, तर कान टवकारावेत.

आता तुमच्यापुरतं. प्रकाशकाच्या आगामी यादीत सहा-आठ महिन्यांनंतरचं, नवे क्लास असलेलं जाड पुस्तक दिसतंय आणि प्लेटेस्ट जाहीर नाही, तर मुख्य पुस्तकं बिनधास्त घ्या. प्लेटेस्ट चालू असेल तर पुरवण्या अजिबात घेऊ नका आणि मुख्य पुस्तकाची एकच प्रत टेबलावर ठेवा. बाकीच्यांना फुकटचे नियम पुरतात: डी अँड डीचा एसआरडी ५.१ (पाचव्या एडिशनच्या मूळ नियमांचा दस्तऐवज) जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला आहे, आणि पाथफाइंडरचे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या साइटवर आहेत. प्रतिक्रिया बंद झाल्या असतील आणि तुमचं कॅम्पेन वर्षभर चालणारं असेल, तर पहिली दोन-तीन साहसं या फुकटच्या नियमांवर खेळा आणि पुस्तकाचे पैसे नव्या एडिशनसाठी ठेवा.