आधी लिही, मग रन कर

तुझा मेसेज वाचला. 'माझ्यात टॅलेंटच नाही बहुतेक' या वाक्याशी आलो तेव्हा आधी वाईट वाटलं आणि मग खरं सांगतो, राग आला. प्रोग्रामर म्हणून दोन वर्षं नोकरी, रोज दहा-बारा तास स्क्रीनसमोर, शनिवार-रविवार कोर्सेस, आणि तरी कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकारी तुझा कोड तपासतात तेव्हा, त्याच त्याच कमेंट्स येतात, बरोबरची मुलं पुढे गेली आणि तू तिथंच. यावरून तू ठरवून टाकलंस की डोकंच कमी पडतंय. अगं, एखादा प्रोग्राम चालत नाही म्हटल्यावर आपण आधी लॉग, म्हणजे प्रोग्रामने काय काय केलं त्याची नोंद, उघडतो ना, की सरळ मशीन भंगारात काढतो?

मेहनत कर, धीर सोडू नकोस वगैरे मी लिहिणार नाही, ते तू करतेच आहेस, उलट जरा जास्तच. मला एकच विचारायचंय. कोड रन करायच्या, म्हणजे चालवून बघायच्या आधी काय होणार ते तू लिहून ठेवतेस का? मनातल्या मनात नाही, कागदावर.

नाही ठेवत, मला माहितीये. मागे तू स्क्रीन शेअर केली होतीस तेव्हा बघत होतो. एरर आली, तू एक ओळ बदललीस, रन केलंस, नाही चाललं, दुसरी बदललीस, रन, मग सर्च करून कुठूनतरी चार ओळी आणल्यास, रन, आणि चाललं. तू खूश. मी विचारलं का चाललं, तर म्हणालीस 'आता होतंय ना पण'. हेच, अगदी हेच दुखणं आहे. बग, म्हणजे कोडमधली चूक, गेली पण तुझ्या डोक्यातल्या ज्या चुकीच्या समजुतीमुळे ती आली ती समजूत तशीच राहिली, पुढच्या महिन्यात ती वेगळं नाव घेऊन परत येणार आणि रिव्ह्यूमध्ये तीच कमेंट पडणार.

म्हणून आधी लिही, मग रन कर. म्हणजे असं: 'मला वाटतंय ही लिस्ट रिकामी येतेय, कारण डेटा यायच्या आधीच फिल्टर लागतोय.' एवढं लिहायचं, मग रन करायचं. बरोबर आलं तर पुढं जा. चुकलं तर खाली दोन ओळी, प्रत्यक्षात काय आलं आणि मी काय धरून चालले होते. या दुसऱ्या ओळीत सगळी कमाई आहे. आधी लिहिलंच नसेल ना, तर माणसाचं मन फार चलाख असतं, उत्तर दिसलं की 'मला असंच वाटत होतं' म्हणून मोकळं होतं. कागदावर असलं की पळायला जागा नाही.

तू म्हणशील अनुभवाने आपोआप येईल की. नाही येत. डॉक्टरांवरचे ६२ अभ्यास एकत्र करून २००५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला होता, त्यात अर्ध्याहून जास्त अभ्यासांत असं दिसलं की प्रॅक्टिसची वर्षं वाढत गेली तसं ज्ञान म्हण, उपचारांचा दर्जा म्हण, खालीच गेला. डॉक्टर म्हणजे काय आळशी लोक नव्हेत! पण आपला अंदाज बरोबर होता का चूक हे लगेच आणि नेमकं कळलं नाही तर वर्षं नुसती जमा होतात. दहा वर्षांचा अनुभव म्हणून मिरवणारे मी इतके बघितलेत ज्यांचं पहिलंच वर्ष अजून चालू आहे.

याच्या उलट एक उदाहरण मला फार आवडतं. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात अँडर्स एरिक्सन आणि विल्यम चेस यांनी एका कॉलेजच्या मुलाला आकडे लक्षात ठेवायला बसवलं. सेकंदाला एक आकडा वाचायचा आणि त्याने ते ओळीने म्हणून दाखवायचे. सुरुवातीला सातेक यायचे, तुझ्यामाझ्यासारखेच. नियम साधा होता, बरोबर आलं की पुढच्या वेळी एक आकडा जास्त, चुकलं की एक कमी. म्हणजे तो कायम आपल्या मर्यादेच्या काठावर, आणि दर वेळी निकाल ताबडतोब. २३० तासांहून जास्त सराव झाला तेव्हा तो ७९ आकड्यांपर्यंत पोचला होता, १९८० साली ते छापून आलं. पुढची गोष्ट लोक सांगत नाहीत. त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली तर गाडी परत सहावर. स्मरणशक्ती 'वाढली' वगैरे काही नव्हतं, तो धावपटू होता, आकड्यांचे गट शर्यतीच्या वेळांसारखे लक्षात ठेवायची युक्ती त्याने घडवली होती, आणि जे घडवलं तेवढंच आलं. तू जे कोर्सेस करतेस ना, व्हिडिओ बघणं घडवतेस. व्हिडिओ बघण्यात तू आता उत्तम आहेस!

रागावू नकोस. मला कळतं की व्हिडिओ बघताना समजल्यासारखं वाटतं आणि स्वतः करताना बावळट वाटतं, म्हणून माणूस परत व्हिडिओकडे जातो. पण ते बावळट वाटणं हीच शिकायची जागा आहे, तिथून उठू नकोस. बेंजामिन फ्रँकलिन पोरवयात लिहायला कसा शिकला माहितीये? आवडलेला लेख घ्यायचा, वाक्यावाक्याच्या त्रोटक खुणा करून ठेवायच्या, काही दिवस जाऊ द्यायचे, मग मूळ न बघता पूर्ण लेख स्वतः लिहायचा आणि मुळाशी ताडून चुका सुधारायच्या. आधी स्वतःचं, मग ताडणं. मी तीनशे वर्षं जुन्या गोष्टी का सांगतोय म्हणशील, तर त्याच्याकडे कुठलं टूल नव्हतं आणि तुझ्याकडे आत्ता प्रश्न टाकला की उत्तर देणारा चॅटबॉट आहे, तो वापर, जरूर वापर, मीही वापरतो, पण तुझं उत्तर लिहून झाल्यावर. आधी लिही. कितीही वाकडंतिकडं असो, आधी लिही.

आणि चुकांची लाज सोड आता. डोनाल्ड क्नुथ, कॉम्प्युटर शास्त्रातला मोठा माणूस, हे नाव तुला माहीतच असेल. टेक् हा टाइपसेटिंगचा प्रोग्राम लिहिताना त्याने १९७८ पासून स्वतःच्या चुकांची नोंद ठेवली, त्यांचे पंधरा प्रकार पाडले आणि १९८९ साली यादीसकट जगासमोर मांडल्या. त्या प्रकारांत 'विसरलो' असाही एक प्रकार आहे. क्नुथ लिहून ठेवतो विसरलो म्हणून, आणि आपण रिव्ह्यूची कमेंट घाईघाईने रिझॉल्व्ह करून, म्हणजे 'झालं' अशी खूण करून मिटवून टाकतो, कुणी बघायच्या आत.

मला हे कुणी सांगितलं नाही याची खंत आहे. मी कामाला लागलो तिथे लवकर संपवणाऱ्याचं कौतुक व्हायचं, का चाललं हे विचारणारा कुणी नव्हता, आणि माझी हौसेची उमेदीची वर्षं त्यात गेली, ती आता परत येत नाहीत. रन करायच्या आधीचे अंदाज लिहायची वही सुरू केली तेव्हा मागून आलेले टीमचे लीड झाले होते. अप्रेझलमध्ये 'वेग कमी' असं लिहून आलं, बॉसने समोर बसवून सांगितलं की हे वहीचं खूळ सोड. नाही सोडलं. हट्टी आहे म्हणाले, आजही म्हणतात. पण त्या काळात मी जे बांधलं ते अजून चालतंय आणि त्यासाठी कुणाला रात्री उठवावं लागत नाही. वेग नंतर आला, तोही असा आला की परत कुणी विषय काढला नाही. मी बरोबरच होतो, आज परत तिथं बसवलं तरी वही उघडीनच.

तास मोजू नकोस मात्र. दहा हजार तास सराव केला की कुणीही तरबेज होतो असं जे ऐकतेस त्याचं मूळ बर्लिनच्या व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांवरच्या १९९३ च्या अभ्यासात आहे, तो आकडा नुसती सरासरी होता, उंबरठा नव्हे. आणि त्याच अभ्यासात सर्वांत चांगली मुलं झोपतही जास्त होती, दुपारीसुद्धा. रात्री दोनला तू जे रन-रन-रन करतेस त्याला सराव म्हणत नाहीत. लक्ष लावून तास-दीड तास, वही उघडी, मग बंद कर आणि झोप.

राहिलं टॅलेंट. खोटं सांगणार नाही, नुसत्या सरावाने सगळा फरक पडत नाही. २०१४ साली याबद्दलचे बरेच अभ्यास एकत्र केले तेव्हा संगीतात माणसामाणसांतल्या फरकापैकी साधारण २१ टक्के आणि खेळांत १८ टक्के सरावाच्या खात्यात गेले, बाकीचं कशाकशात वाटलेलं. म्हणजे तू सगळ्यांच्या पुढे जाशील का हे मला माहीत नाही, तुलाही नाही. पण ज्या चुका तू अजून एकदाही लिहून काढलेल्या नाहीत त्यांच्यावरून टॅलेंटचा निकाल लावू नकोस, तो हक्क तुला अजून मिळालेला नाही.

आता एवढं कर. रिव्ह्यूमधल्या जुन्या कमेंट्स उघड, ज्या परत परत आल्यात त्या एका पानावर उतरव, आणि प्रत्येकीखाली लिही की तेव्हा मी काय धरून चालले होते. मग उद्यापासून रोजचं, आधी लिही, मग रन कर. पंधरा दिवसांनी पानांचे फोटो काढून पाठव, खाडाखोडीसकट, फेअर करून पाठवलंस तर मी वाचणार नाही.