मुलीच्या उपचारासाठी बागायत विकावी का?

सातारा जिल्ह्यातील एका शिक्षक वाचकांच्या सतरा वर्षांच्या मुलीचा बी-सेल ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) केमोथेरपीनंतर उलटला आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी नव्या कार-टी उपचाराच्या क्लिनिकल ट्रायलचा, म्हणजे मान्यतेपूर्वी रुग्णांवर होणाऱ्या चाचणीचा, पर्याय सुचवला आहे (कार-टीमध्ये रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, काढून प्रयोगशाळेत बदलतात आणि पुन्हा शरीरात सोडतात), तर भावकीचे म्हणणे असे की, मुलीवर प्रयोग नको, दीड एकर बागायत विकून मान्यताप्राप्त उपचारच घ्यावा. गिऱ्हाईक इसार द्यायला तयार आहे.

माझे मत असे आहे की, तूर्त इसार घेऊ नये.

आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तो वयाच्या पंधरा वर्षांपासून पुढच्या रुग्णांसाठी आहे आणि त्याचा खर्च चाळीस लाखांच्या घरात जातो. म्हणजे दोन्ही वाटा आपल्यासमोर खुल्या आहेत आणि त्यांतील मुलीसाठी योग्य कोणती, हे डॉक्टरांनीच सांगायचे आहे. मोफत आहे म्हणून ट्रायल निवडू नये, तसेच पैसे मोजले म्हणजे गुण येणारच, असेही धरून चालू नये. ट्रायल कोणत्या टप्प्यातील आहे, हे अवश्य विचारावे, कारण पहिल्या टप्प्यात मुख्यतः सुरक्षितता आणि मात्रा तपासली जाते.

डॉक्टरांच्या मते दोन्ही पर्याय सारखेच योग्य असतील, तर जमीन राखण्याकडे माझा कल आहे. कार-टी उपचारानंतर आजार आटोक्यात आला, तरी अनेकदा पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांट करावे लागते आणि तो खर्चही लाखांतला असतो. आज सातबारा रिकामा केला, तर त्या वेळी हाताशी काय उरेल?

ट्रायलमध्येही खिशाला चाट बसतेच. उपचाराचे उत्पादन साधारणतः प्रायोजक, म्हणजे ट्रायल घडवून आणणारी कंपनी किंवा संस्था, पुरवतो आणि ट्रायलमुळे झालेल्या इजेचा वैद्यकीय खर्च क्लिनिकल ट्रायलविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार त्याच्यावर असतो. मात्र पेशी सोडण्याआधी द्यावी लागणारी केमोथेरपी, रक्तघटक, नंतरची औषधे आणि रुग्णालयाजवळ काही आठवडे राहण्याचा खर्च कोणाकडे, हे संमतिपत्रात वाचून, नसल्यास लेखी मागून घ्यावे. मुलगी अठरा वर्षांखालील असल्याने सही पालकांची असली, तरी तिचीही संमती विचारली जाते. ट्रायलमध्ये प्रवेश मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर ताबडतोब डॉक्टरांना कळवावे.

आरोग्य विम्यावर फार भिस्त ठेवू नये. सिद्ध न झालेले उपचार पॉलिसीतून वगळलेले असतात, त्यामुळे कंपनीचे उत्तर लेखी घ्यावे, पण पॉलिसीचे नूतनीकरण चुकवू नये. राहण्या-जेवण्यासाठी आणि एका पालकाच्या बिनपगारी रजेसाठी मुदत ठेव मोडावी, मग भविष्य निर्वाह निधीतून आजारपणाची रक्कम काढावी. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला व सोबत्याला सवलत मिळते. रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे धर्मशाळेची आणि मुख्यमंत्री सहायता निधीची चौकशी पहिल्याच भेटीत करावी.

मान्यताप्राप्त उपचारच आपल्या मुलीसाठी स्पष्टपणे सरस आहे, असे डॉक्टरांनी सांगितले, तर माझा सल्ला बदलेल. मग जमीन अवश्य विकावी, फक्त घाईच्या भावात नव्हे, आणि ट्रान्सप्लांटसाठीची रक्कम बाजूला काढूनच.