गाव सोडून गाणं शोधू नकोस

तुझं गाणं ऐकलं. गळा तयार आहे, पण तू स्वतःचा मुलूख त्यातून पुसून टाकायला निघाला आहेस. तेवढं करू नकोस.

शास्त्रीय गायक कुमार गंधर्वांचंच बघ. जन्म १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. तालीम मुंबईत देवधर मास्तरांकडे. क्षय झाला म्हणून कोरडी हवा शोधत १९४८ च्या सुमारास ते माळव्यात, देवासला गेले. गायला बंदी होती. अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर यायची ती बायकांची लग्नातली, सणावारांची गाणी आणि दारोदार फिरणाऱ्या नाथपंथी गायकांची निर्गुणी, म्हणजे निराकार ईश्वराची, भजनं. चार-पाच सुरांतली ती चाल त्यांनी नुसती उचलली नाही. तिच्यात लपलेला राग ओळखला आणि त्यातून स्वतःचे धुनउगम, म्हणजे लोकधुनेतून उगवलेले, राग उभे केले. म्हणजे मुलूख जन्माचाच असावा लागतो असंही नाही, तिथे कान लावून राहावं मात्र लागतं.

तू काय करशील? सुट्टीत घरी गेलास की आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर रेकॉर्ड कर. ती श्वास कुठे घेते, कोणता सूर किंचित उतरलेला लावते, शब्द कुठे ओढते, ते वहीत लिही. नोटेशन नंतर. आधी तिच्यासोबत गा, तिच्याच पट्टीत.

आणि बोलीतले उच्चार लगेच ‘शुद्ध’ करायला जाऊ नकोस. चालीचं वजन बऱ्याचदा त्यांच्यावरच तोललेलं असतं. रियाज मात्र रोजचा, त्यात सवलत नाही.