वाचक विचारतात : सीमेवरच्या वर्गात

प्रश्न : ताई, मी चंदगड तालुक्यात नववी-दहावीला मराठी आणि इतिहास शिकवतो. वर्गात निम्म्या पोरांचं आजोळ पलीकडे, हुक्केरी-खानापूर भागात. काहींच्या घरी कन्नडच बोलतात. सीमाभागाच्या गोष्टी शिकवायच्या मनात आहे. पण विषय काढला की घोषणा सुरू होतात आणि कन्नड बोलणारी पोरं मान खाली घालतात. पालक म्हणतात, शाळेत राजकारण नको. काय करू?
— एक शिक्षक

उत्तर : सर, विषय सोडू नका. फक्त सुरुवात वादापासून करू नका. आणि दोन पोरांना फेटे बांधून ‘आम्ही सारे भाऊ’ म्हणायला लावणारं नाटुकलं तर मुळीच नको. त्यातलं खोटं पोरांना आपल्याआधी कळतं.

मी गडहिंग्लजला शिकवत होते तेव्हा पोरांना सांगायची, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकच विचारा : लग्न होऊन आलीस/आलास तेव्हा इथलं काय कळेना झालं? उत्तर ज्या भाषेत मिळेल त्याच भाषेत लिहायचं. कन्नड असेल तर देवनागरीत, जसं ऐकू येईल तसं. एकीने लिहिलं होतं, आजी हरिपाठ मराठीत म्हणते, तांदूळ मापताना मात्र ‘ओंदु, एरडु, मूरु’. मध्येच कोणी मराठीत बोललं की माप चुकतं आणि ती परत पहिल्यापासून मोजते. वर्ग हसला, मग तीन-चार हात वर आले : आमची पण! सौंदत्तीच्या यल्लम्माची, चिंचलीच्या मायाक्काची जत्रा अशीच आपसूक बाहेर येते.

एक मात्र पाळा. कन्नड बोलणाऱ्या पोराला उभं करून ‘तुमच्यात कसं असतं ते सांग’ म्हणू नका. तो त्या समाजाचा वकील नाही, नववीतला पोरगा आहे. सांगावंसं वाटलं तर सांगेल.

मग धारवाड घ्या. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. कविता कन्नडमध्ये लिहिल्या, 1973 चं ज्ञानपीठ मिळालं. त्याच गावात बेळगावात वाढलेले जी. ए. कुलकर्णी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि कथा मराठीत लिहीत होते. पोरांना विचारा, यातला कोण कुठला? तास संपेल, वाद संपणार नाही. संपू नये.

आता वाद. तो टाळलात तर पोरं तो मोबाइलवर शिकतील, आणि तिथे फक्त घोषणा आहेत. तुमच्याच तालुक्यापासून सुरू करा : 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला, चंदगड तेवढा मुंबई राज्यात राहिला. तुमची पोरं आज कोल्हापूर जिल्ह्याची आहेत ती त्यामुळे. त्याच वर्षी जानेवारीत बेळगावात गोळीबार झाला. सीमाभागात 17 जानेवारीला हुतात्मा दिन पाळतात, हेही सांगा. पुढे हा सीमावाद सोडवायला नेमलेला 1966 चा महाजन आयोग. त्याने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवायला सांगितलं, निपाणी-खानापूर महाराष्ट्राला आणि अक्कलकोट म्हैसूरला द्यायला सांगितलं. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला, 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालय गाठलं.

तारखा फळ्यावर लिहून खडू पोरांच्या हाती द्या. एका कल्पित तालुक्याचा नकाशा काढा, गावोगावच्या भाषेचे आकडे तुम्हीच घाला, आणि म्हणा, आखा सीमा. गाव घटक धरणार की तालुका? बाजाराचं गाव पलीकडे गेलं तर? मधलं एकच गाव वेगळ्या भाषेचं असेल तर? घोषणा देणारी पोरं इथे सगळ्यात जास्त डोकं लावतात, हा माझा अनुभव. नंतर गट बदलून त्याच नकाशावर पलीकडच्या बाजूने सीमा आखायला लावा.

पालकांचं म्हणाल तर मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा आणि आजी-आजोबांची टिपणं पालकसभेत वाचून दाखवा. स्वतःच्या सासूचं बोलणं ऐकून कुणी त्याला राजकारण म्हणत नाही. 1 नोव्हेंबरच्या तोंडावर मात्र हा विषय काढू नका, तेव्हा बाहेरची हवा तापलेली असते. ऑगस्टात सुरू करा. गौरी-गणपतीला पोरं आजोळी गेली की टिपणं आपोआप येतील.